आधी टेम्पो, मग लूप

आज बोलायचंय ते लॅपटॉप आणि पायाखालचं पेडल घेऊन एकट्यानं अख्खं भजनी मंडळ उभं करणाऱ्या आपल्या पोरापोरींशी. पोहरादेवीच्या यात्रेत कानात बसलेला नगाऱ्याचा ठेका लूपमध्ये धरायचा, त्यावर खंजिरी, त्यावर हार्मोनियम, मग गळा. फार चांगली हौस आहे. पण बाबांनो, पहिला लूप धरण्याआधी टेम्पो ठरवा!

पेरणीचं बघा. तिफणीचं पहिलं तास वाकडं गेलं, की पुढची सगळी तासं त्याच्याच वळणानं जातात. पेरताना ते कळत नाही. सोयाबीन वर येतं, डवरा घालायची वेळ येते, तेव्हा डवऱ्याखाली रोपं जातात. तुमचा पहिला लूप म्हणजे ते पहिलं तास.

हिशोबच करू. कहरव्याच्या मात्रा 8. टेम्पो 120, म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन 4 सेकंदांचं. पेडल दाबायला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला, तर लूप 4.05 सेकंदांचा होतो. शेजारी ड्रम मशीन आपल्या 120 नंच चाललेलं. दहा आवर्तनांत पूर्ण एक मात्रा सरकली! चाळीसच सेकंद झालेत, आणि सम कुठं अन् तुम्ही कुठं. म्हणून क्लिक लावा, क्वांटाइझ चालू ठेवा. पाय थोडा मागेपुढे पडला तरी सॉफ्टवेअर लूप मात्रेवर आणून बसवतं.

दोन यंत्रं असतील तर मालक एकच. मिडी क्लॉक दर मात्रेला 24 ठोके पाठवतं, दुसऱ्यानं ते मुकाट्यानं ऐकायचे. दोघंही आपापला टेम्पो चालवायला लागले की संपलं. आणि क्लिक ऐकायला ब्लूटूथचे हेडफोन नकोत. त्यात आवाज उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरावर वाजवता. वायरचे घ्या, साधे चालतील.

पुन्हा सांगतो, कारण हेच सुटतं: टेम्पो आधी. रेकॉर्ड झाल्यावर तो ओढून ताणून बदलला, तर हार्मोनियमचा सूर खरखरतो.

भजन शेवटी द्रुत होतं, तिथं हा लूप पुरत नाही. द्रुतचा लूप वेगळा, त्याच्याच टेम्पोत धरून ठेवावा लागतो. एकातून दुसऱ्यात जाताना समेवर कसं उतरायचं, ते खरं तर सविस्तर सांगायला हवं. पण वेळ संपल्याची खूण झालीय.