विंचवाच्या विषावरील गोळी आणि आमची नोंदवही
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांशी माझी पहिली ओळख साठ्याच्या नोंदवहीतून झाली. मुदत संपल्याने टाकून द्यावी लागलेली सर्पदंशावरील लस मी अनेक वर्षे 'नुकसान' या सदरात दाखवीत असे. इतकेच नव्हे, तर पुढील खरेदी कमी करावी, असा शेराही मारीत असे. माझे हे मत ज्यांच्या कार्याने बदलले, त्यांच्याविषयी आज बोलतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा गंभीर दंश झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के रुग्ण त्या काळी दगावत. मृत्यू नेमका कशाने येतो, हेच उमगत नव्हते. डॉक्टरसाहेब रुग्णाच्या उशाशी बसून उलटी, दरदरून सुटणारा घाम, गार पडणारे हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांची टिपणे करीत राहिले. ही निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. हे कळल्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी, स्वस्त गोळी उपयोगात आणली. त्यावरील लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एवढ्यावर माझ्यातील हिशेबनीस खूश झाला असता : स्वस्त गोळी आहे, मग महाग लस कशाला? परंतु याच डॉक्टरांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ गोळी दिलेल्यांपैकी दहा तासांत सुमारे २३ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. गोळीबरोबर विंचूदंशावरील लस दिलेल्यांपैकी ९१ टक्के. ज्यांनी गोळी शोधली, त्यांनीच तिची मर्यादाही मोजून दाखविली. मला या गोष्टीचे अधिक अप्रूप वाटते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. रात्री दोन वाजता दंश झालेले मूल आले, तर औषध त्याच क्षणी कपाटात असावे लागते. सकाळी मागवून चालत नाही. इमारतीसाठी देणगी देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. शीतकपाटातील एका कप्प्यासाठी मात्र आजवर कोणी विचारणा केलेली नाही.

यंदाच्या ताळेबंदात मुदतबाह्य लसींची रक्कम 'आपत्कालीन सज्जता' या सदराखाली आढळेल. हिशेब तपासनिसांनी तिच्यावर आक्षेप घेतला आहे. मी नोंद बदललेली नाही. निर्णय विश्वस्त मंडळाने करावा, ही विनंती.