संगणकाची थांबलेली लेखणी

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्या संगणक प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाचे, शाळांचे आणि ग्रामपंचायतींचे पुष्कळसे अभिलेख आज संगणकात साठविले जातात. जन्ममृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचा पट, घरपट्टीची मागणी व वसुली या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. कागदी वहीला वाळवी लागली तर ती दिसते, पान फाटले तर ते कळते. संगणकातील नोंदीचे तसे नाही. ती शाबूत आहे की बिघडली आहे, हे वरून पाहून समजत नाही. म्हणूनच ती लिहिली कशी जाते आणि लिहिताना विघ्न आले तर संगणक काय करतो, हे अभिलेख सांभाळणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

डिस्कवरील साऱ्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला आपण फाइल-व्यवस्था म्हणू. गंभीर चूक आढळली की ही व्यवस्था लिहिणे बंद करते. समोर काम करणाऱ्याला तो संगणकाचा हटवादीपणा वाटतो. वास्तविक ही थांबण्याची क्रिया अभिलेखांच्या रक्षणासाठीच योजिलेली आहे. ती का योजिली आहे, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

'सेव्ह' केले म्हणजे काय झाले?

आपण मजकूर 'सेव्ह' करतो तेव्हा तो त्याच क्षणी डिस्कवर कोरला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुधा तसे घडत नाही. मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवला जातो आणि सवडीने डिस्कवर उतरविला जातो. लिनक्स या कार्यप्रणालीत नेहमीच्या मांडणीनुसार हा अवधी सुमारे ३० सेकंदांचा असतो. स्मृतीच्या मानाने डिस्क मंद असते. प्रत्येक अक्षरासाठी तिच्याकडे धाव घेतली तर काम खोळंबेल, म्हणून अनेक लेखन-क्रिया एकत्र करून पाठविल्या जातात.

कार्यालयातील आवक टपालाशी याची तुलना करता येईल. कागद टेबलावर ठेवला म्हणजे तो नोंदवहीत चढला असे होत नाही. त्यासाठी पोच मागावी लागते. संगणकातील प्रोग्रॅमलाही अशी पोच मागता येते. त्या मागणीस 'एफसिंक' असे नाव आहे. 'या फाइलीचे जे काही लिहावयाचे राहिले असेल ते डिस्कवर उतरवा आणि उतरले की सांगा', असा तिचा अर्थ. ज्या प्रोग्रॅमला आपली नोंद पक्की झाल्याची खात्री हवी, त्याने ही पोच घेतलीच पाहिजे.

फेरफार आणि सातबारा

एक नवी फाइल निर्माण करणे दिसते सोपे, पण त्यासाठी डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते. निर्देशिकेत नाव चढवावे लागते. फाइल किती मोठी, कोणाची व कोठे ठेवली, याची वेगळी नोंद करावी लागते. मोकळ्या जागेच्या नकाशातून तेवढी जागा वजा करावी लागते. यांपैकी दोन कामे होऊन तिसऱ्याच्या आधी वीज गेली तर हिशेब जुळत नाही. एकच जागा दोन फाइलींच्या नावे लागू शकते आणि मग एकीचा मजकूर दुसरीवर लिहिला जातो.

यावर जो उपाय काढण्यात आला तो आपल्या महसुली व्यवहाराला अपरिचित नाही. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी थेट सातबारा बदलत नाही. प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतली जाते. संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. फाइल-व्यवस्थाही अशीच एक वही ठेवते. तिला 'जर्नल' म्हणतात. करावयाच्या सर्व बदलांची नोंद आधी जर्नलमध्ये होते, शेवटी 'नोंद पूर्ण' अशी खूण पडते आणि मग मूळ जागी बदल केले जातात. मध्येच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू होताना जर्नल वाचतो. पूर्णतेची खूण असलेल्या नोंदींचा अंमल देतो आणि अर्धवट नोंदी सोडून देतो.

आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत १९९० मध्ये, तर विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत १९९३ मध्ये ही पद्धत आली. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये हाती घेतलेली एक्सएफएस ही व्यवस्था १९९४ मध्ये त्यांच्या संगणकांवर चालू झाली आणि पुढे लिनक्समध्ये आली. लिनक्सची स्वतःची ईएक्सटी ३ ही जर्नल असलेली व्यवस्था २००१ मध्ये मुख्य प्रणालीत दाखल झाली, तिची पुढची आवृत्ती ईएक्सटी ४ ही २००८ मध्ये. आज सर्व्हरपासून खिशातील मोबाइलपर्यंत हे तत्त्व वापरात आहे.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एक्सएफएसच्या जर्नलमध्ये व्यवस्थेच्या स्वतःच्या नोंदी असतात, फाइलीतील मजकूर नसतो. इतर बहुतेक व्यवस्थांतही नेहमीची रीत हीच आहे. तेव्हा व्यवस्था सावरली म्हणून आपला मजकूर वाचलाच, असे नव्हे.

चुकीचे तीन प्रकार

लिहिताना येणारी प्रत्येक चूक सारखी नसते आणि प्रत्येकीवरचा इलाजही सारखा नाही. एक्सएफएसच्या उदाहरणाने हे पाहू.

पहिला प्रकार फाइलीतील मजकूर डिस्कवर न उतरण्याचा. येथे व्यवस्था थांबत नाही. नुकसान त्या फाइलीपुरते असते, म्हणून पोच मागणाऱ्या प्रोग्रॅमला चूक कळविली जाते आणि बाकीचे काम चालू राहते.

दुसरा प्रकार व्यवस्थेच्या नोंदी मूळ जागी न उतरण्याचा. या नोंदी जर्नलमध्ये सुरक्षित असतात, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्यास वाव असतो. दूरच्या साठवण यंत्राची तार निसटली असेल तर ती पुन्हा जोडली जाईल. जागा संपली असेल तर वाढविली जाईल. म्हणून नेहमीच्या मांडणीत अशा चुकीवर व्यवस्था पुनःपुन्हा प्रयत्न करते. किती वेळा आणि किती काळ प्रयत्न करावा, हे ठरविण्याची सोय २०१६ पासून व्यवस्थापकाच्या हाती देण्यात आली आहे. यंत्रच जागेवरून नाहीसे झाल्याचे कळले तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नसतो.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. जर्नलच लिहिता आले नाही, किंवा एखादा बदल अर्ध्यावर असताना नोंदी परस्परविसंगत आढळल्या, तर व्यवस्था तत्काळ बंद होते. एक्सएफएसच्या जर्नलमध्ये 'पुढे काय करावयाचे' एवढेच असते. 'झालेले मागे कसे घ्यावयाचे' हे नसते. स्मृतीत अर्धवट बदललेली नोंद मागे घेता येत नाही आणि पुढेही नेता येत नाही. अशा वेळी लेखणी खाली ठेवणे, हाच एक प्रामाणिक मार्ग उरतो. डिस्कवर आतापर्यंत जे आहे ते आणि जर्नलमधील पूर्ण नोंदी यांच्या आधारे व्यवस्था नंतर उभी करता येते. लिहीत राहिल्यास तो आधारही नष्ट होतो.

कित्येकदा दोष डिस्कचा नसतोच. नोंद डिस्कवर पाठविण्यापूर्वी एक्सएफएस तिची तपासणी करते. ती स्मृतीतच बिघडलेली दिसली तर डिस्कवर न पाठविता काम थांबविते. याचे कारण सदोष स्मृती-चकती किंवा प्रणालीतील दोष असू शकतो. चुकीची नोंद दारातच अडविली, तर मूळ अभिलेख स्वच्छ राहतो.

ईएक्सटी ४ मध्ये चूक आढळल्यावर पुढे चालावे, केवळ वाचनापुरते उघडे राहावे की संपूर्ण संगणक थांबवावा, हे तीन पर्याय व्यवस्थापकाला निवडता येतात. जर्नलच निकामी झाले तर मात्र लेखन बंद होते. वाचन चालू आणि लेखन बंद, ही स्थिती कार्यालयाच्या दृष्टीने उपकारक असते. दप्तर पाहता येते, नक्कल काढता येते. मात्र खाडाखोड करता येत नाही.

दुसऱ्यांदा मिळालेली पोच

न थांबण्याचे मोल किती पडते, याचे एक बोलके उदाहरण २०१८ मध्ये पुढे आले. पोस्टग्रेस्क्यूएल ही जगभर वापरली जाणारी माहिती-संग्रह प्रणाली आहे. लेखन झाल्याची पोच मागितली आणि चूक कळली, तर काही वेळाने पुन्हा पोच मागावयाची आणि ती मिळाली की काम झाले असे समजावयाचे, अशी तिची रीत होती.

लिनक्समध्ये मात्र लेखन फसल्यावर तो मजकूर 'लिहावयाचा राहिला आहे' या यादीतून काढला जात असे आणि चूक एकदाच कळविली जात असे. दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर येई, सर्व ठीक. कारकुनाने टपाल गहाळ झाल्याचे एकदा सांगितले. पुन्हा 'टेबलावर काही शिल्लक आहे काय?' असे विचारल्यावर 'काही नाही' म्हणाला. उत्तर खोटे नव्हते. विचारणाऱ्याने त्याचा अर्थ चुकीचा घेतला. अशा वेळी नोंद प्रत्यक्षात हरविलेली असूनही जतन झाली असे धरले जाई आणि जिच्यावरून ती पुन्हा तयार करता आली असती ती प्रणालीची स्वतःची रोजकीर्दही पुसली जाण्याचा धोका होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये यावर सुधारणा झाली. पोच मागताना चूक आली की पोस्टग्रेस्क्यूएलने स्वतःच थांबावयाचे, पुन्हा सुरू व्हावयाचे आणि आपल्या रोजकीर्दीवरून सर्व नोंदी नव्याने उतरवावयाच्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये तीन फाइल-व्यवस्था आणि पाच प्रोग्रॅम तपासले, तेव्हा अशा चुकीनंतर सावरण्याची कोणाचीही रीत पुरेशी निर्दोष आढळली नाही. पुन्हा विचारणे म्हणजे खात्री करणे नव्हे, हा त्याचा धडा आहे.

आपले कर्तव्य

मित्रहो, यातून आपल्या रोजच्या कामासाठी काही गोष्टी निघतात.

लेखन नाकारणारा संदेश आल्यास पुनःपुन्हा 'सेव्ह' करीत बसू नये. संदेश जसाच्या तसा, वेळेसह, कागदावर उतरवून घ्यावा. तंत्रज्ञाला त्याचा मोठा उपयोग होतो. उघडा असलेला मजकूर दुसऱ्या डिस्कवर ठेवावा आणि तेथून तो उघडून पाहावा.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा. प्रथम तार, डिस्क व स्मृती यांची तपासणी व्हावी. डिस्कच सदोष वाटल्यास आधी तिची पूर्ण प्रत काढावी. मग फाइल-व्यवस्था रीतसर काढून पुन्हा जोडावी, म्हणजे जर्नलमधील पूर्ण नोंदींचा अंमल आपोआप दिला जातो. ते न साधल्यास दुरुस्तीची आज्ञा चालवावी. एक्सएफएसच्या दुरुस्तीत जर्नल पुसून टाकण्याचा एक पर्याय असतो. अंमल न दिलेले फेरफार जाळून सातबारा जुळविण्यासारखाच तो प्रकार असल्याने, अन्य सर्व मार्ग खुंटल्यावरच त्याकडे वळावे. तंत्रज्ञ घाईने तो वापरू लागल्यास कारण विचारण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाला आहे.

आणि शेवटी, बॅकअप. वर सांगितलेली कोणतीही यंत्रणा बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. अभिलेखांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत असावी आणि ठरावीक मुदतीने ती उघडून वाचून पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक.

संगणक थांबला की काम अडते, रांग वाढते, नागरिक नाराज होतात. हा त्रास खरा आहे. परंतु थांबलेला संगणक दुसऱ्या दिवशी सुरू करता येतो. चुकीचे लिहीत राहिलेल्या संगणकाने कोणाची जन्मतारीख, कोणाची वसुली, कोणाचा हक्क बदलला, हे मात्र वर्षांनंतर, एखादा वृद्ध दाखल्यासाठी दारात उभा राहतो तेव्हा कळते. तेव्हा थांबण्याची सूचना आली की ती मानावी आणि कारण शोधावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.