पेटीत काय आहे, ते सांगा

चाकणची एअरबॅगची पेटी विमानाने जायची असली, की तिच्यासोबत कागदांची चळत निघते. एअरबॅग फुगवणारे रसायन क्षणात पेट घेते, म्हणून तीही धोकादायक मालातच मोडते. औषधांबरोबर जाणारा कोरडा बर्फसुद्धा. थंडावा देता देता तो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच कप्प्यात पिंजऱ्यातले कुत्रे असेल तर गुदमरायचे. कुठे काय ठेवले हे वैमानिकाला कळावे म्हणून ‘नोटॉक’ नावाचा कागद असतो. त्यावर सही झाली की निरोप पोचला, असे सगळे धरून चालतात.

पण सही झाली म्हणजे निरोप पोचला असे नव्हे. आजचे सांगणे एवढेच आहे.

११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेटचे विमान दहाएक मिनिटांत दलदलीत कोसळले. ११० माणसे गेली. मालकप्प्यात दुसऱ्या विमानांतून काढलेली, मुदत संपलेली प्राणवायूची नळकांडी होती. असले नळकांडे सुरू झाले की दोनशे अंशांच्या वर तापते. त्यांच्यावर सुरक्षेच्या टोप्या नव्हत्या. टोप्या बसवल्याच्या सह्या मात्र कागदावर होत्या! पुढे पेट्यांच्या कागदांवर ‘रिकामी’ असे लिहिले गेले आणि त्या विमानाच्या टायरांसोबत रचल्या गेल्या. या कंपनीला असा माल न्यायची परवानगीच नव्हती.

घरातही असे होते. सरबताच्या बाटलीत सासूबाई रॉकेल भरून ठेवतात. सून फडताळ आवरताना ती बाटली पुढच्या रांगेत मांडते. दुपारी पाहुणे येतात आणि धाकटा पेले काढतो. सासूबाई म्हणणार, ‘मी सांगितलं होतं की!’ पण कोणाला? सून तेव्हा माहेरी होती. विमानतळावर सून माहेरी जाते म्हणजे शिफ्ट बदलते. गोदामातले लोक एका कंपनीचे, माल चढवणारे दुसऱ्या ठेकेदाराचे, वैमानिक तिसऱ्याच घाईत. धाकट्याला कोणी काही सांगतच नाही, आणि पेला भरायचा असतो त्यानेच.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाने पेट घेतला. त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि स्फोटके होती, पण स्फोटकांची खूण असलेला तांबडा बावटा वर चढवलेलाच नव्हता. जहाज बुडवायचे की बाहेर न्यायचे, हे ठरेपर्यंत चार वाजून गेले आणि स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळतो. बावट्याची आठवण कोण काढतो?

आपल्याकडे धोकादायक मालाच्या विमान वाहतुकीसाठी २००३पासून नियमावली आहे, प्रशिक्षणाची दर दोन वर्षांनी उजळणी आहे. नियमांबद्दल तक्रार नाही. पेटी उचलणाऱ्या हमालाला आत काय आहे ते तोंडी, त्याला कळेल अशा भाषेत सांगितले जाते का, हा प्रश्न आहे. पुन्हा सांगायला हवे: सही म्हणजे निरोप नव्हे.

श्रोत्यांनी एवढे करावे. पार्सलच्या कागदावर ‘घरगुती सामान’ असे मोघम लिहू नये; परफ्यूम असेल तर परफ्यूम लिहावे. विमानाने जाताना लिथियम बॅटरीची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नये, हातातल्या पिशवीतच ठेवावी.