कचऱ्याचा डोंगर हटवणारं गाव

आज जाऊ या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याला. मासळी, काजू, आंबे यांची बाजारपेठ असलेलं हे किनाऱ्यावरचं शहर. 2011च्या जनगणनेनुसार लोकवस्ती सुमारे 12 हजार. शहर लहान, पण कचऱ्याचा प्रश्न मोठा होता.

2015च्या सुमारास नगर परिषदेने त्यावर साधा उपाय धरला: कचरा घरातच वेगळा करायचा. ओला एकीकडे, सुका, प्लॅस्टिक, काच आणि धातू वेगवेगळे. घंटागाडी वेगळा केलेलाच कचरा घेऊ लागली. आधी कुरकुर झाली, मग सवय लागली.

पुढचं काम कचरा डेपोवर. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत. पालापाचोळ्याच्या कांड्या करून त्यांचं जळण. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे डांबरात मिसळून रस्त्यांसाठी. भंगारात जाण्यासारख्या वस्तू विकून चार पैसेही मिळतात. जिथून लोक नाक दाबून जात, तिथे बाग फुलली आणि जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असं नाव मिळालं. इतर गावांची माणसं आता ते पाहायला येतात.

यात अवघड यंत्र फारसं नाही. ओला-सुका कचरा एकत्र झाला, की सगळंच बिघडतं, एवढंच ओळखायचं. तुमच्या गावातही सुरुवात होऊ शकते, अगदी उद्या सकाळी. स्वयंपाकघरात दोन डबे ठेवा. बाजारात निघताना कापडी पिशवी घ्यायला विसरू नका.