नखाचा कोपरा खोदू नका

आज आम्ही नागऱ्याला आलो ते एक लहानशी गोष्ट सांगायला. गोष्ट पायाच्या अंगठ्याची. लहान म्हणून हसू नका. ऐन रोवणीत हा अंगठा ठणकू लागला, की बांधीत उतरवत नाही. मजुरी बुडते.

नख मांसात का रुतते? कधी जोडा तंग असतो. कधी बोटाला ठेच लागते. पण पुष्कळदा चूक आपलीच असते. आपण नख फार खोल कापतो. कोपरे गोल करतो. मग बाजूचे मांस वर येते आणि वाढणारे नख त्यातच शिरते.

मग आपण काय करतो? ब्लेड घेतो आणि कोपरा खोदतो. दोन दिवस बरे वाटते. पण आत नखाचे टोकदार कुसळ राहते. तेच पुढे काट्यासारखे वाढते. म्हणजे दुखणे आपणच पेरले, नाही का?

दुखणे नवे असेल, तर असे करा. कोमट पाण्यात थोडा साबण घाला. त्यात १५ मिनिटे पाय ठेवा. दिवसातून ३-४ वेळा हे करा. पाय पुसून कोरडा करा. मांस नखापासून हळूच बाजूला लोटा. स्वच्छ कापसाची बारीक वात नखाच्या कोपऱ्याखाली सरकवा. जोर करू नका. वात रोज बदला. जोडा नको, मोकळी चप्पल घाला. शेण, माती, चुना काही लावू नका.

पायाचे नख सावकाश वाढते. अंगठ्याचे नख पुरते नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. तेव्हा काही आठवडे धीर धरा. कोपरा मांसाबाहेर आला, की नख सरळ आडवे कापा.

जखम उघडी असेल, तर चिखलात जाऊ नका. पोटाची निकड आम्हालाही कळते. तोवर धुऱ्यावरचे काम मागून घ्या.

पू आला, लाली वर चढू लागली, ताप आला, तर थांबू नका. दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या सुईचेही विचारा. ज्यांना साखरेचा आजार आहे, ज्यांचे पाय बधिर आहेत, त्यांनी घरी उपाय करूच नये. पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. अशा पायाला दुखत नाही, पण जखम आत चिघळते. कधी बोटही जाते. गोंदिया जवळच आहे. तिथे २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मंडळी, नागऱ्याच्या महादेवाच्या देवळात जाताना आपण पाय धुतो. शेतातून घरी आल्यावरही तसेच धुऊ या, पुसू या आणि बोटे नीट पाहू या. ज्या पायांवर घर उभे आहे, त्यांची एवढी तरी सेवा करायलाच हवी.