ग्रुप आपला, तर नियमही आपलेच

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रभाग समन्वयक यांनी केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय आहे, व्हॉट्सॲप ग्रुप. विषय वाचून दाखवला तेव्हा काही जणी हसल्या. हसण्यासारखं आहेच. सकाळी साडेपाचपासून शुभ सकाळ सुरू होते. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त महाराज, शनिवारी मारुती. मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, त्याला तीस-पस्तीस केक. मधेच ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत गोड बातमी मिळेल’. आणि या सगळ्या ढिगाच्या पोटात कुठेतरी सीआरपी ताईंची एक ओळ दबलेली असते: ‘उद्या ११ वाजता बँकेत सहीला यायचं आहे, पासबुक आणि आधारची झेरॉक्स आणा.’

ती ओळ कोण वाचतं? एका गटात तिघींनी वाचलीच नाही. त्या सहीला आल्या नाहीत, म्हणून सगळ्या गटाचं कर्जाचं प्रकरण पुढच्या तारखेवर गेलं. पेरणी तोंडावर होती. बियाण्याला पैसे लागले ते मग दुकानदाराकडून उधारीवर घ्यावे लागले. दुसऱ्या एका गावात चटण्या-मसाले करणाऱ्या ताईंना जिल्ह्याच्या सरस प्रदर्शनाचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख ग्रुपवर आली होती, पण त्या दिवशी ग्रुपवर दोन जणींचं भांडण पेटलं होतं. ताईंनी कंटाळून ग्रुप म्यूट करून ठेवला होता. तारीख गेली. म्हणजे हसण्याचा विषय तिथेच संपतो.

याहून मोठं नुकसान आहे ते फोनचं. इथे बसलेल्या किती जणींचा फोन फक्त त्यांचाच आहे? हात वर करू नका, मनातच मोजा. बऱ्याच घरांत फोन एकच असतो. तो दिवसा पोराकडे अभ्यासाला, संध्याकाळी मालकांकडे, आणि आपल्या हातात येतो तो भांडी झाल्यावर. अशा घरात रात्री साडेदहाला बचत गटाच्या ग्रुपवर एखादा घाण व्हिडिओ येऊन पडला, तर काय होतं? ‘हेच बघायला गटात जातेस का?’ असा प्रश्न येतो. ग्रुप डिलीट होतो. कुठे कुठे फोनच काढून घेतला जातो. टाकणारा कोण होता हे कोणी विचारत नाही. चूक एकाची आणि शिक्षा दुसरीला. गटात यायला, बँकेत जायला, घराबाहेर एकटीने पाऊल टाकायला आपल्या बायकांना किती वर्षं लागली, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. ते पाऊल एका फालतू मेसेजमुळे मागे जाऊ द्यायचं का?

मग काही जणी म्हणतात, मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच ॲडमिन व्हा आणि सगळं नीट करा. मला ते पटत नाही. ग्रुप नीट चालवायला इंग्रजी किंवा कॉलेज लागत नाही. बैठक चालवता येणाऱ्या बाईला ग्रुप चालवता येतो. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. बैठकीत आपण गोल बसतो, विषय ठरवतो, एक बोलत असताना दुसरी थांबते, जे ठरलं ते प्रोसिडिंगला लिहितो आणि खाली सह्या करतो. बैठकीत कोणी परका माणूस येऊन बसला तर आपण विचारतो, भाऊ, तुमचं काय काम? मग ग्रुपचं दारच सताड उघडं का? ग्रुप म्हणजे आपली बैठकच आहे, फक्त ती दिवसभर चालू असते. म्हणून तिला नियम जास्त लागतात.

आता त्रास देणारे सगळे एकाच तागडीत तोलायचे नाहीत. मला चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार आपल्याच मावश्या-काकूंचा. फुलं, देव, सुविचार पाठवणाऱ्या. यात वाईट हेतू काहीच नाही. ज्या मावशीला साठाव्या वर्षी फोन आला, तिला फोटो पाठवता आला याचाच आनंद असतो. तिला चारचौघींत ‘हे बंद करा’ म्हटलं तर ती पुन्हा ग्रुपवर तोंड उघडणार नाही. तिच्यासाठी वेगळी जागा करायची, ती मी पुढे सांगते.

दुसरा प्रकार आपल्यातलाच, पण जास्त दुखावणारा. ग्रुपवर हिशोब काढणं. ‘अमकीचे तीन हप्ते थकले आहेत, तिला लाज वाटत नाही का’, असं ग्रुपवर लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्या ताईच्या घरी दवाखाना चालू होता. तिने ते बैठकीत सांगितलं असतं, गटाने मुदतही दिली असती. पण ग्रुपवर नाव आलं आणि ते तिच्या दिरानेही वाचलं, जावेनेही वाचलं. ती पुढच्या बैठकीला आलीच नाही. थकबाकी वसूल व्हायची तर सभासद टिकली पाहिजे. कर्ज, हप्ता, घरातलं भांडण हे बैठकीचे विषय. समोरासमोर बसून बोललं की आवाजात माया असते, डोळ्यांत बघता येतं. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे तो जास्त लागतो. निवडणूक आली की पक्षाच्या प्रचाराचंही हेच होतं. मत ज्याचं त्याचं, पण बचत गट सगळ्यांचा.

तिसरा प्रकार फसवणुकीचा आणि अफवांचा. लाडकी बहीणची ई-केवायसी करा, पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, मोफत शिलाई मशीन मिळेल, असं लिहून खाली लिंक असते. काही वेळा लग्नाची पत्रिका म्हणून फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नाही, ते ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं की आपले मेसेज, बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. कधी कधी ती फाईल आपल्याच ओळखीच्या ताईच्या नंबरवरून येते, कारण तिचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून ‘माहेरच्या माणसाने पाठवलं’ एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अफवेबद्दल एकच आठवण करून देते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. टोळीची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर समजायचं की तो खूप हातांतून फिरून आला आहे. जितके जास्त हात, तितका तो खरा, असं नसतं. दोन बाण दिसले की आपल्या हाताने तो पुढे जाणार नाही, एवढं प्रत्येकीने ठरवलं तरी पुष्कळ आहे.

चौथा प्रकार परक्यांचा. ग्रुपमध्ये कोणीतरी लिंकने शिरतं, किंवा घरातलाच कोणी सभासदाच्या फोनवरून घाण टाकतो. कोणी ग्रुपमधून नंबर घेऊन रात्री ‘हाय’ पाठवतो. इथे समजूत काढत बसायचं नाही. पहिल्याच वेळी स्क्रीनशॉट काढायचा, ॲडमिनला कळवायचं, नंबर काढायचा, ब्लॉक करायचा. अश्लील मजकूर इंटरनेटवरून पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. नको म्हटल्यावरही बाईला पुन्हा पुन्हा मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. आणि ज्या ताईला असा मेसेज आला, तिला ‘तुझाच नंबर कसा मिळाला’ असं कोणी विचारायचं नाही. ती आपल्या गटाची बाई आहे, तिच्या बाजूने उभं राहायचं.

आता करायचं काय? बऱ्याच गावांत सोपा उपाय केला: ‘फक्त ॲडमिन’ करून टाकलं. ग्रुप शांत झाला, पण मुकाही झाला. सूचना आली की ‘ताई, रेशन कार्ड मूळ आणायचं की झेरॉक्स?’ एवढंही विचारता येईना. आणि दोघीच बोलणार, बाकीच्या ऐकणार, ही आपल्या चळवळीची रीत नाही. म्हणून माझी सूचना अशी की ग्रुप दोन करावेत. एक सूचनांचा, त्यात फक्त ॲडमिन लिहितील, आणि तो कोणी म्यूट करायचा नाही. दुसरा बोलण्याचा, त्यात शंका विचारा, शेळीच्या आजाराचं विचारा, आपल्या पापडांचा फोटो टाका, वाढदिवसाला शुभेच्छा द्या. मावशीची फुलंही तिथेच. लिहिता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या बैठकीत चर्चा करून ठराव घ्यावा. नमुना मी सांगते, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

१. ग्रुपमध्ये गटाच्या सभासद आणि कर्मचारी सख्याच राहतील. नवीन नंबर ॲडमिनच्या मंजुरीशिवाय घेतला जाणार नाही.
२. ॲडमिन दोन असतील आणि त्या दरवर्षी बदलतील.
३. रात्री नऊनंतर आणि सकाळी सहाच्या आधी तातडीच्या कामाशिवाय मेसेज नाही.
४. कर्ज, थकबाकी, घरगुती वाद आणि राजकीय प्रचार ग्रुपवर नाही.
५. योजनेची लिंक आली तर आधी सीआरपी किंवा ग्रामपंचायतीत विचारायचं, मगच ग्रुपवर टाकायची. एपीके फाईल कोणी उघडायची नाही.
६. नियम मोडला तर पहिल्यांदा ॲडमिन फोन करून एकटीला सांगतील. दुसऱ्यांदा विषय बैठकीत येईल. तिसऱ्यांदा एक महिना ग्रुपबाहेर. बाहेर असली तरी ती गटाची सभासदच राहील आणि सूचना तिला तोंडी मिळतील.
७. अश्लील मजकूर आला तर तो नंबर लगेच बाहेर. फोन सभासदाचा असेल तर तिच्याशी बोलून, तिला दोष न देता, पुढचं ठरवायचं.

काही ठिकाणी दहा रुपये दंडाचा विचार चालू आहे. उशिरा येण्याला दंड ठीक आहे, पण इथे नको असं मला वाटतं. मेसेज पोराने पाठवला तरी दंड आईच्या बचतीतून जाईल.

सेटिंग फार नाहीत. ॲडमिनने ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की आत परवानग्यांचा भाग दिसतो. तिथे मेसेज कोण पाठवणार आणि नवीन सभासदाला मंजुरी लागणार का, हे ठरवता येतं. वाईट मेसेजवर बोट दाबून धरलं की ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ग्रुपची लिंक बाहेर गेली असेल तर ती रीसेट करायची, म्हणजे जुनी लिंक चालत नाही. आणि प्रत्येकीने आपल्या फोनच्या प्रायव्हसीत ‘ग्रुप’ या ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडायचं, म्हणजे अनोळखी माणूस आपल्याला परस्पर कुठल्याही ग्रुपमध्ये घालू शकत नाही. सभेनंतर मी थांबणार आहे, ज्यांना हवं त्यांनी फोन घेऊन या, एकत्र करू.

ॲडमिन व्हायला बायका घाबरतात, पोलीस ॲडमिनलाच धरतात म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू असला पाहिजे. तेव्हा भीती सोडा, लक्ष मात्र ठेवा.

फसवणुकीत पैसे गेले तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. त्रास देणारा माणूस असेल तर १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, तातडीला ११२ आहे.

शेवटचा मुद्दा, ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचा. ग्रुप कितीही चांगला झाला तरी तो बैठकीची जागा घेणार नाही. प्रत्येक फोनवाल्या ताईने शेजारच्या एका बिनफोनच्या ताईची जबाबदारी घ्यावी. सूचना आली की तिच्या दारात जाऊन सांगायची. त्या निमित्ताने चहाही होईल.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक ग्रामसंघाने ठरावाची नक्कल सोबत आणावी. ज्यांना अडचण आली त्यांनी अडचण आणावी, आपण इथे बसून सोडवू.