पर्वतातील पहिली यंत्रसफर

पर्वतात जाण्याचे जुने मार्ग दोन: एक पायी, दुसरा जनावराच्या पाठीवर. पायी जाणाऱ्यास त्याचे पायच मर्यादा सांगतात. खेचर अवघड जागी अडून उभे राहते आणि स्वाराला विचार करावयास भाग पाडते. यंत्रावर बसून जाण्याचा तिसरा मार्ग अलीकडचा होय. यंत्र दमत नाही, अडत नाही आणि कड्याकडे पाहून बिचकतही नाही. अंगठा दाबला की ते पुढे जाते, आणि ज्या जागेवरून परतणे कठीण, तेथेही तितक्याच निमूटपणे नेऊन सोडते. म्हणून यंत्राच्या ठायी जे शहाणपण नाही, ते स्वाराने निघण्यापूर्वीच कागदावर मांडून ठेवावे लागते. पर्वतातील पहिल्या यंत्रसफरीची आखणी म्हणजे हेच शहाणपण.

या यंत्रास इंग्रजी आद्याक्षरांवरून एटीव्ही म्हणतात. कोणत्याही भूमीवर चालणारी गाडी, असा त्या नावाचा अर्थ. मोटारसायकलीसारखे हँडल, घोड्यासारखी बैठक आणि चार फुगीर, मऊ चाके असे तिचे रूप असते. आपल्याकडील सहलीच्या ठिकाणी ती घटकाभराच्या फेरीसाठी भाड्याने मिळते, तेव्हा ती एक खेळणे वाटते. वस्तुतः मोठ्या माणसाच्या गाडीचे वजन तीनशे किलोच्या आसपास असते. 1970 साली होंडा कंपनीने अमेरिकेत अशी पहिली गाडी आणली, ती तीनचाकी होती. 1982 साली सुझुकीने चारचाकी गाडी आणली. तीनचाकी गाड्या वळणावर उलटत. अनेकांचे, विशेषतः मुलांचे, प्राण गेले. अखेर 1988 साली अमेरिकन सरकार आणि उत्पादक कंपन्या यांच्यात न्यायालयासमोर करार होऊन तीनचाकी गाड्यांची विक्री थांबविण्यात आली. चौथे चाक आले, तथापि उंच बैठक, अरुंद पाया आणि जड देह हे गुणधर्म गेले नाहीत. उलटणे हाच या गाडीचा मुख्य धोका आजही आहे.

अशा सफरीसाठी ख्यात असलेला एक प्रदेश म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्येस पसरलेले सान हुआन पर्वत. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मंडळीही उन्हाळ्याच्या सुटीत कोलोरॅडोच्या पर्वतांकडे वळतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात अशी सफर असेल, तर ती कशी आखावी हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि युरे या तीन लहान गावांना जोडणारी सुमारे 65 मैलांची एक वाट या पर्वतांतून जाते. तिला अल्पाइन लूप म्हणतात. प्रथम यूट लोकांच्या पायवाटा, पुढे 1870 नंतर चांदी-सोन्याच्या खाणींसाठी पडलेल्या खेचरांच्या व गाड्यांच्या वाटा, आणि आता हौशी प्रवाशांच्या वाटा, असा तिचा इतिहास आहे. तिच्यावर दोन मोठ्या खिंडी लागतात. सिनॅमन खिंड 12,640 फुटांवर आणि एंजिनिअर खिंड 12,800 फुटांवर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे 5,400 फूट उंच आहे. म्हणजे एंजिनिअर खिंडीची उंची कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक भरते. ही एक तुलना मनात ठेवली तरी आखणीतील निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

पहिला प्रश्न ऋतूचा. या खिंडी हिमाने बंद असतात. साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून किंवा जूनपासून वाट मोकळी होऊ लागते आणि ऑक्टोबरात पुन्हा मिटते. परंतु तारीख दर वर्षी बदलते. सुटी आधी ठरवून मग पर्वताकडून वाट उघडण्याची अपेक्षा करणाऱ्यास अर्ध्या रस्त्यातून परतावे लागते. नवशिक्याने जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ निवडावा आणि निघण्यापूर्वी आठवड्याभरात वाटेची स्थिती विचारून घ्यावी.

दुसरा प्रश्न उंचीचा. बारातेरा हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाहूनही कमी असतो. आठ हजार फुटांच्या वर गेलेल्या माणसास डोकेदुखी, मळमळ, ग्लानी, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो, आणि त्याचा तारुण्याशी वा ताकदीशी संबंध नसतो. पायी चढणारा हळूहळू वर जातो, त्यामुळे देहास सवयीला अवसर मिळतो. यंत्रावरचा माणूस तासाभरात हजारो फूट चढतो. यास्तव पहिले एकदोन दिवस युरे किंवा लेक सिटीसारख्या खालच्या गावी काढावे, पाणी भरपूर प्यावे, मद्य वर्ज्य करावे. डोके दुखून पावले अडखळू लागली, तर औषध शोधीत बसू नये. खाली उतरणे हाच खरा उपाय. उंचीचा परिणाम गाडीवरही होतो. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के घटते. खाली जी गाडी उड्या मारीत होती, ती खिंडीपाशी धापा टाकू लागली तर तिच्यात बिघाड झाला असे समजू नये.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. कोलोरॅडोच्या सार्वजनिक भूमीवर ही गाडी न्यावयाची तर राज्याचा परवाना काढून त्याची चिकटपट्टी गाडीवर लावावी लागते. परराज्यातील पाहुणाही यातून सुटत नाही. शिवाय अल्पाइन लूपवर गाडी हाकणाऱ्यापाशी मोटार चालविण्याचा वैध परवाना आणि विमा असावा लागतो. गावागावांचे नियमही भिन्न आहेत. सिल्व्हर्टन नगराने 2021 साली आपल्या रस्त्यांवर या गाड्यांना बंदी केली आणि त्याच वर्षी मतदारांनी ती उचलून धरली. आवाज, धूळ आणि बेफाम स्वार यांना गाव कंटाळले होते. पाहुण्याने कोणाच्या अंगणातून जावयाचे, हे विचारून जाणे ही रीत आहे. म्हणून नियम काय आहे, गाडी कोठे उतरवावयाची, कोठपर्यंत न्यावयाची, हे घरी बसूनच विचारून ठेवावे.

आता स्वाराची तयारी. भाड्याच्या दुकानात मिळालेल्या दहा मिनिटांच्या सूचनांवर पर्वतात शिरणे म्हणजे पोहण्याची पुस्तिका वाचून नदीत उडी घेण्यासारखे आहे. अमेरिकेत या वाहनाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था 1988 पासून आहे. तिचे वर्ग अर्ध्या दिवसात पुरे होतात. तेथे पहिली गोष्ट शिकवितात ती ही, की या गाडीवर नुसते बसून चालत नाही. चढणीवर देह पुढे झुकवावा, उतरणीवर मागे न्यावा, वळणावर आतल्या बाजूस कलवावा. स्वाराचा देह हा गाडीच्या तोलाचा एक भाग आहे. चढण अर्ध्यात थांबली आणि गाडी मागे घसरू लागेल असे वाटले, तर ब्रेक लावून, गाडी स्थिर करून, चढाच्या बाजूने उतरावे. उतरणीवर खालचा गिअर घालून इंजिनाच्या रोधानेच वेग आवरावा. डांबरी रस्त्यावर ही गाडी हाकू नये, कारण मऊ टायर आणि तिची घडण तेथे दगा देतात. हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि घोटे झाकणारे बूट यांत काटकसर नको. एकट्यासाठी केलेल्या गाडीवर दुसऱ्याला मागे बसविणे हा तर उघड अविचार होय. मागचा माणूस स्वाराचा तोलच हिरावून घेतो.

येथे मुलांविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. सोळा वर्षांखालील मुलाने मोठ्या माणसाची गाडी हाकू नये, असे अमेरिकेतील सुरक्षा अधिकारी वारंवार सांगत आले आहेत. मुलगा हुशार आहे, सायकल उत्तम चालवितो, हे म्हणणे गैरलागू आहे. तीनशे किलोंची गाडी कलू लागली की तिला सावरण्यास लागणारे वजन आणि उंची त्याच्यापाशी नसते. आणि पुढे काय होईल हे क्षणार्धात ओळखण्याचा अनुभवही नसतो. मुलाच्या हट्टापुढे हात टेकणाऱ्या बापास त्या दिवशी कौतुकाचे दोन शब्द मिळतील. नकार देणारा बाप सायंकाळी सारे कुटुंब मोजून घरी आणील. मुलांना न्यावयाचेच असेल तर शेजारी बसण्याची रीतसर आसने, पट्टे आणि वर संरक्षक सांगाडा असलेली रुंद गाडी मिळते. तीही ज्याचे पाय खाली टेकतात आणि हात धरावयाच्या दांडीस पोहोचतात, अशाच मुलासाठी.

सफरीचा नकाशा पसरला म्हणजे 65 मैलांचा आकडा क्षुल्लक दिसतो. सपाट रस्त्यावरील मोटारीला तो दीड तासाचा प्रवास. खिंडीच्या वाटेवर मात्र दगड, ओढे, अरुंद कडे आणि समोरून येणारी वाहने यांच्यामुळे सारा दिवस जातो. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण फेरीचा संकल्प सोडावा. सिल्व्हर्टनच्या ईशान्येस सुमारे 12 मैलांवर, 11,200 फूट उंचीवर, ॲनिमास फोर्क्स नावाचे खाणकामगारांचे ओसाड गाव आहे. तेथवर जाऊन परत यावे. तेवढ्यात गाडीची ओळख होते, देहाची परीक्षा होते आणि डोळ्यांचे पारणेही फिटते. खिंड दुसऱ्या दिवशी. युरेच्या बाजूने हमरस्ता सोडून एंजिनिअर खिंडीकडे चढणारा तुकडा फार खडकाळ आहे; नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

पेट्रोल गावांतच मिळते, वाटेत नाही. त्यासाठी तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळावा: एक हिस्सा जाण्यास, एक परतण्यास आणि एक अनपेक्षितास. हाच नियम वेळेलाही लावावा. एकट्याने जाऊ नये. किमान दोन गाड्या असाव्यात आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागच्याची वाट पाहावी. दऱ्यांमध्ये मोबाइलचा उपयोग होत नाही. म्हणून कागदी नकाशा, आणि शक्य तर उपग्रहाद्वारे निरोप धाडणारे उपकरण जवळ ठेवावे. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे खाली राहणाऱ्या कोणास लिहून द्यावे. कोलोरॅडोत पर्वतात हरवलेल्यास शोधावयास जे जातात, ते बहुतेक स्वयंसेवक असतात, आपापली कामे टाकून आलेले. त्यांना रात्रभर भलत्याच दरीत भटकावयास लावू नये. सामानात टायरची ठिगळे व पंप, ओढण्याचा दोर, प्रथमोपचाराची पेटी, विजेरी, लोकरीचा सदरा, पावसाळी कोट, आणि तहान लागेल त्याहून अधिक पाणी असावे. सामान जड नको, आणि ते खाली व घट्ट बांधलेले असावे.

उन्हाळ्यात या पर्वतांवर दुपारी ढग जमतात आणि विजा पडतात. वृक्षरेषेच्या वर आडोसा नाही, आणि उघडी एटीव्ही आसरा देत नाही. म्हणून पहाटे निघावे आणि माध्यान्हीपर्यंत खिंडीवरून खाली उतरावे. गडगडाट कानी येऊ लागला की खिंड अर्ध्या मैलावर असली तरी परत फिरावे.

आणखी एक गोष्ट राहिली, ती त्या भूमीची. वृक्षरेषेच्या वर टुंड्राची नाजूक झुडपे आणि बोटभर उंचीची फुले असतात. त्यांना वर्षातून मोजके आठवडेच वाढावयास मिळतात. चाकाने चिरडलेली जागा भरून येण्यास कित्येक दशके लागतात. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक भूमीवरील अशा वाहनांना नियमांच्या कक्षेत आणणारा आदेश काढला, तो याच हानीमुळे. वाटेत डबके लागले तर बाजूने नवी वाट पाडू नये, त्यातूनच सावकाश जावे. चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी. घोडेस्वार समोर आला तर थांबून इंजिन बंद करावे.

ॲनिमास फोर्क्सला जी लाकडी घरे उभी आहेत, त्यांत राहणारे लोक यंत्राशिवाय तेथे पोहोचले होते. 1873 साली तेथे पहिली झोपडी उभी राहिली. पुढे गाव भरभराटले. तरीही दर शरद ऋतूत बहुतेक मंडळी आपला बोजा आवरून सिल्व्हर्टनला उतरत आणि हिम वितळल्यावर पुन्हा वर येत. 1884 साली हिमाचे वादळ 23 दिवस चालले. 25 फूट हिम पडले आणि मागे राहिलेल्यांना घराघरांमध्ये ये-जा करण्यासाठी हिमातून भुयारे खणावी लागली. 1920 नंतर गाव ओस पडले. त्या खाणकामगारांना धाडस शिकवावे लागले नव्हते. चांदीच्या ओढीने त्यांनी खडक फोडले. परंतु केव्हा उतरावयाचे, हेही त्यांना ठाऊक होते. पहिल्या सफरीस निघणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर शिखराचे नाव लिहिण्याआधी परत फिरण्याची वेळ लिहावी, आणि ती वेळ झाली की गाडी वळवावी. खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असेल.